मेंदूला मार लागल्यानंतरची न्यूरोसायकॉलॉजी आणि रिकव्हरी

डोक्याला जोरात मार लागून मेंदूच्या कामात बिघाड झाला की त्याला ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं टीबीआय म्हणून मोकळे होतात. जखम भरल्यावर माणसाचं लक्ष, आठवण, बोलणं, ठरवणं, वागणं यातलं काय गेलं, काय शिल्लक आहे आणि काय परत येऊ शकतं हे टेस्ट घेऊन बघायचं काम न्यूरोसायकॉलॉजीचं. भारतात अशा केसेसपैकी साधारण 60 टक्के रस्ता अपघातातल्या असतात, आणि नाशिकमध्ये तर मुंबई-आग्रा हायवे शहराच्या मधून जातो, द्वारका आणि मुंबई नाक्याला सतत गर्दी, निम्मं शहर टू व्हीलरवर, त्यामुळे वेगळं सांगायला नकोच. 15 ऑगस्ट 2021 पासून शहरात 'नो हेल्मेट नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट दोन मिनिटं मागून घेणारेही होतेच.

मेंदू दह्यासारखा मऊ असतो आणि कवटी आतून सगळीकडे गुळगुळीत नसते, कपाळामागे आणि कानशिलाच्या आतल्या बाजूला तर हाडाचे खडबडीत कंगोरे असतात. गाडी धडकून डोकं एकदम थांबलं की मेंदू आत पुढे-मागे आदळतो, म्हणून मार मागे लागला तरी खरचटतं ते बऱ्याचदा फ्रंटल आणि टेम्पोरल भागात, म्हणजे नेमकं जिथे प्लॅनिंग, संयम आणि आठवण यांचं काम चालतं तिथे. शिवाय डोकं गरकन फिरलं तर मेंदूतले लांब धागे, म्हणजे अ‍ॅक्सॉन, जागोजागी ताणले जातात, तुटतात. सबिना स्ट्रिच या डॉक्टरांनी 1956 मध्ये हे मायक्रोस्कोपखाली दाखवलं. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे बऱ्याचदा दिसतच नाही, आणि 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून पेशंट घरी येतो, आणि मग घरच्यांना कळत नाही की रिपोर्ट नॉर्मल तर हा असा का वागतोय.

इजा किती मोठी हे आधी ग्लासगो कोमा स्केलवर मोजतात, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे याला मार्क देतात. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 1974 मध्ये ते काढलं. डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6, एकूण 15 मार्क, कमीत कमी 3. 13 ते 15 सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 आणि त्याखाली गंभीर. पण पुढे माणूस कसा होईल याचा अंदाज बांधायला आणखी एक गोष्ट फार कामाची, शुद्धीवर आल्यानंतरचा तो गोंधळलेला काळ. पेशंट डोळे उघडून बोलतोय, बायकोला ओळखतोय, पण सकाळी भेटून गेलेला भाऊ संध्याकाळी आठवत नाही, वॉर्डला लॉज समजतो, सलाईन काढून 'चला घरी, गाडी कुठे लावलीय' म्हणत उठतो. याला पोस्ट ट्रॉमॅटिक अ‍ॅम्नेशिया म्हणतात. एका दिवसाच्या आत संपला तर सौम्य, आठवड्याच्या वर गेला तर गंभीर असं धरतात, आणि तो संपला की नाही हे ठरवायला तारीख-वार, ठिकाण, अपघाताआधीचं शेवटचं काय आठवतं असे प्रश्न रोज विचारतात. 'याला शुद्ध कधी आली' हे नातेवाईक लक्षात ठेवतात, 'रोजचं रोज आठवायला कधी लागलं' हे कुणी लिहून ठेवत नाही, आणि खरं तर तेच लिहून ठेवायला पाहिजे.

टेस्टिंगचा पाया युद्धात घातला गेला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत कुर्ट गोल्डस्टीन आणि दुसऱ्यात सोव्हिएत रशियात अलेक्झांडर लुरिया यांनी डोक्याला गोळी, छर्रे लागलेल्या सैनिकांवर वर्षानुवर्षं काम केलं. लुरियाचं म्हणणं असं की लिहिणं, हिशोब करणं ही कामं मेंदूच्या एकाच कोपऱ्यात नसतात, बरेच भाग मिळून करतात, त्यातली एक कडी तुटली तर दुसऱ्या वाटेने तेच काम बसवता येतं. आजचं रिहॅब, म्हणजे पेशंटला परत कामाला लावण्याचे उपचार, अजून याच विचारावर उभं आहे.

आपल्याकडे परदेशी टेस्ट जशाच्या तशा चालत नाहीत. ट्रेल मेकिंग टेस्टमध्ये आकडे आणि एबीसीडी आलटून पालटून जोडायचे असतात, आता निफाडच्या चौथी शिकलेल्या आजोबांना ते नाही जमलं तर दोष मेंदूचा की एबीसीडीचा? म्हणून नुसते आकडे आणि दोन रंग वापरणारी कलर ट्रेल्स टेस्ट आली. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आजारांच्या सरकारी संस्थेने 2004 मध्ये भारतीय लोकांचे नॉर्म, म्हणजे निरोगी माणसांचे सरासरी मार्क, घेऊन टेस्टचा अख्खा संच, म्हणजे बॅटरीच तयार केली, ज्यात वय, शिक्षण, स्त्री-पुरुष असं बघून मार्कांची तुलना होते.

तरी टेबलावरची टेस्ट सगळं पकडत नाही. टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये असे पेशंट घेतले ज्यांचा आयक्यू व्यवस्थित होता पण घरचं कुठलंच काम धड होत नव्हतं, आणि त्यांना सरळ बाजारात पाठवलं, काही वस्तू आणायच्या, काही माहिती काढायची, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी यायचं, नियम पाळून. तिथे गडबड झाली. आपल्याकडे अशा पेशंटला नाशिकच्या रविवार कारंजाच्या बाजारात पाठवून बघा, किलोभर साखर, मेडिकलमधून गोळ्या, येताना बँकेची वेळ विचारून यायची, साडेअकराला परत. साखर येते, गोळ्या राहतात, मध्येच ओळखीचा भेटतो, चहा होतो, साडेबारा वाजतात, आणि त्याला स्वतःला काही चुकलं असं वाटतही नाही.

द्राक्षवाल्यांच्या घरात तर हे फार स्पष्ट दिसतं. हातात कात्री दिली की गोडी छाटणी पूर्वीसारखीच होते, कारण हाताची सवय मेंदूत वेगळीकडे साठवलेली असते आणि ती सहसा वाचते. पण छाटणीनंतर कितव्या दिवशी कुठला स्प्रे, जीएचं डिपिंग, म्हणजे घड वाढीच्या औषधात बुडवणं, कधी, मजूर कुणाला सांगायचे, पाऊस आला तर काय बदलायचं, हे सगळं एकत्र डोक्यात धरणं जमत नाही. लोकांना वाटतं छाटणी येतेय म्हणजे हा आळस करतोय.

सुधारणा सर्वात वेगाने पहिल्या सहा महिन्यांत दिसते, नंतर हळू होते, पण थांबत नाही, दोन वर्षं आणि त्यापुढेही होत राहते. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय अभ्यासात गंभीर इजा झालेल्यांपैकी दोन आठवड्यांनी फार थोडे बऱ्या स्थितीत होते आणि वर्षभरात साधारण निम्मे तिथवर पोचले. म्हणून पहिल्या पंधरवड्यात 'आता काही उपयोग नाही' असं कुणी ठामपणे म्हटलं तर लगेच हात टेकू नयेत. आणि पिक्चरमध्ये डोक्याला पुन्हा फटका बसला की आठवण परत येते ते विसरा, आधीचा मार भरला नसताना दुसरा बसला तर जीवावर बेतू शकतं.

घरचे सर्वात जास्त थकतात ते स्वभावाने. ग्लासगो शहरात पेशंटच्या नातेवाईकांना विचारून केलेल्या अभ्यासात पाच वर्षांनी स्वभाव बदलल्याच्या तक्रारी पहिल्या वर्षापेक्षा जास्तच निघाल्या. चिडणं, चारचौघांत काहीही बोलणं, दिवसभर नुसतं बसून राहणं, यावरून सासर-माहेरची भांडणं होतात, कुणी बाहेरचं बघायला नेतं, आणि मेंदूची इजा हे कारण सगळ्यात शेवटी सुचतं. पेशंटला स्वतःची उणीव जाणवत नसेल तर वाद घालून उपयोग नसतो, एखादं काम करून घेऊन ते त्याच्यासोबत तपासलेलं बरं.

रिहॅबच्या ट्रेनिंगमध्ये लक्षाचे टप्प्याटप्प्याने व्यायाम असतात, आठवणीसाठी वही आणि मोबाईलचा अलार्म. आठवणीची इजा मोठी असेल तर शिकवताना अंदाज करायला न लावता बरोबर उत्तर आधीच द्यायचं, कारण असा पेशंट चूक कधी केली ते विसरतो पण चूक पक्की होऊन बसते. ही पद्धत बार्बरा विल्सन या ब्रिटिश न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या कामामुळे रुळली. दारू पूर्ण बंद, वाईन सिटीत राहत असलात तरी. अंबड-सातपूरच्या कंपनीत परत जायचं असेल तर एकदम आठ तासांच्या शिफ्टला आणि मशीनवर घालू नये, आधी थोडे तास, कमी गोंगाटाचं काम.

कागदपत्रांची बाजू अवघड आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत पण ब्रेन इंज्युरी हे नाव वेगळं नाही, त्यामुळे सर्टिफिकेट हातापायाच्या, बोलण्याच्या किंवा मानसिक आजाराच्या खात्यात बसवावं लागतं. अपघात भरपाईच्या केसमध्ये मात्र सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये स्पष्ट केलंय की डॉक्टरने दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता किती गेली हे एकच नाही. हात-पाय शाबूत असलेल्या माणसाचं काम का सुटलं हे दाखवायला तिथे न्यूरोसायकॉलॉजीचा रिपोर्ट कामाला येतो, म्हणून तो स्कॅनच्या फाईलमध्येच लावून ठेवावा.