आइसलँडची सी1ई: एक दुर्मीळ मातृवंश आणि एक घाईचा निष्कर्ष

2010 च्या नोव्हेंबरात जगभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली. कोलंबसाच्या पाचशे वर्षं आधी व्हायकिंगांनी अमेरिकेतल्या एका मूलनिवासी स्त्रीला आइसलँडला नेलं आणि तिच्या लेकींच्या लेकी आजही तिथे नांदताहेत, असं त्यात म्हटलं होतं. पुरावा डीएनएचा. ही गोष्ट अजूनही समाजमाध्यमांवर फिरते. गोष्ट सुरस आहे, पण मूळ शोधनिबंधात इतकं ठाम विधान नव्हतंच. पुढे रशियातल्या एका दफनभूमीतून जे हाती आलं, ते तर अशा बातम्यांबरोबर क्वचितच सांगितलं जातं.

आधी मूळ काम पाहू. आइसलँडमधल्या बहुतेक मातृवंशांचे धागे स्कँडिनेव्हिया आणि ब्रिटिश बेटांशी जुळतात. इ.स. 870 च्या सुमारास तिथे वस्ती सुरू झाली. वसवणारे पुरुष मुख्यतः नॉर्स होते आणि स्त्रियांपैकी बऱ्याच आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या. यात न बसणारा एक मातृवंश संशोधकांना आढळला, तो म्हणजे हॅप्लोग्रुप सी1 (हॅप्लोग्रुप म्हणजे एकाच पूर्वजेपासून आलेल्या, डीएनएत सारख्या खुणा असलेल्या वंशांचा गट). हा गट अमेरिकेतल्या मूलनिवासींमध्ये सर्रास सापडतो. तो अलीकडे कुणा परदेशी सुनेबरोबर आला असेल असं आधी वाटलं होतं. सिग्रिदुर सुन्ना एबेनेसेर्सदोत्तिर, आग्नार हेल्गासोन आणि सहकाऱ्यांनी डीकोड जेनेटिक्स या आइसलँडच्या जनुकशास्त्र कंपनीच्या वंशावळींच्या साठ्यातून हा वंश असलेले लोक शोधले आणि चार वेगवेगळ्या मातृशाखांतल्या 11 जणांचा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाचा) डीएनए पूर्ण वाचला. या चारही शाखा कागदोपत्री मागे नेत नेत 1700 च्या आसपास पोचल्या तरी एकमेकींना मिळत नव्हत्या. म्हणजे त्यांची सामाईक आजी त्याहून जुनी. हा वंश आइसलँडमध्ये 1700 च्या आधी आला हे पक्कं, आणि बहुधा काही शतकं आधी.

आता हा डीएनए वाचतात कसा, ते. पेशीच्या केंद्रकातला डीएनए आई आणि बाप दोघांकडून येतो आणि दर पिढीला त्याची सरमिसळ होते. मायटोकॉन्ड्रियामध्ये मात्र स्वतंत्र, वर्तुळाकार डीएनए असतो. त्यात 16,569 अक्षरं (ए, सी, जी, टी ही चार रसायनं) आणि 37 जनुकं. बीजांडात त्याच्या प्रती लाखाच्या घरात असतात, शुक्राणूत फारच थोड्या, आणि त्याही फलनानंतर नष्ट होतात. त्यामुळे हा डीएनए आईकडून मुलगा आणि मुलगी दोघांना मिळतो, पण पुढे नेतात त्या फक्त मुली. सरमिसळ नाही, म्हणून नक्कल करताना झालेली चूक जशीच्या तशी खाली उतरते आणि तिच्यावर पुढची चूक साठते.

तुलनेसाठी केंब्रिजमध्ये 1981 साली वाचलेला क्रम वापरतात. 1999 मध्ये तो तपासताना एक अक्षर जास्तीचं धरलं गेल्याचं लक्षात आलं. सगळे जुने क्रमांक बदलावे लागू नयेत म्हणून 3107 ही जागा तेव्हापासून रिकामी सोडलेली आहे. प्रत्येक उत्परिवर्तनाचा, म्हणजे नकलेतल्या चुकीमुळे झालेल्या बदलाचा, पत्ता म्हणजे या क्रमातला त्याचा क्रमांक.

हॅप्लोग्रुप सी ओळखण्याच्या खुणांपैकी दोन अशा: 13263 या जागी ए ऐवजी जी, आणि 16327 ला सी ऐवजी टी. या दोन्ही असून शिवाय 16325 ला टी ऐवजी सी असेल आणि 290-291 ही दोन अक्षरं गळालेली असतील, तर सी1. (तिथे 286 पासून 291 पर्यंत सलग सहा ए आहेत. त्यातले नेमके कोणते दोन गेले हे कळणं शक्य नाही, म्हणून शेवटचे दोन गेले असं लिहायचा संकेत आहे. हा संकेत न पाळता दोन प्रयोगशाळांनी वेगळं लिहिलं, तर एकच वंश दोन वाटतो.) त्यापुढे 493 ला ए चा जी झाला तर सी1बी. 16051 ला ए चा जी झाला तर सी1डी. सी1सी च्या खुणा आणखी वेगळ्या. बी, सी आणि डी या तीन उपशाखा अमेरिकेतल्या आहेत. सी1ए आशियातली.

इथला तर्क नीट लक्षात घ्यायला हवा, कारण सगळं त्यावरच उभं आहे. खुणा एकीच्या आत एक अशा असतात. ज्याच्याकडे सी1बी ची खूण आहे त्याच्याकडे सी1 च्या खुणा असणारच, उलट मात्र नाही. समजा आइसलँडच्या या 11 जणांत 493 चा बदल सापडला असता आणि त्यावर त्यांचे स्वतःचे दोन-चार बदल असते. मग वाद संपला असता, कारण तो वंश अमेरिकेतल्या शाखेच्या पोटातून फुटलेला ठरला असता. प्रत्यक्षात त्यांच्यात सी1 च्या सगळ्या खुणा होत्या, पण ए, बी, सी, डी यांपैकी एकाही उपशाखेची नव्हती. उलट इतरत्र कुठेही न दिसलेले त्यांचे स्वतःचे बदल होते. म्हणून नवी उपशाखा मानावी लागली, सी1ई. वंशांच्या झाडावर ती अमेरिकेतल्या तिघींची लेक नाही, बहीण आहे, आणि तितकीच बहीण आशियातल्या सी1ए ची. या बहिणी एकमेकींपासून फुटल्या त्या हिमयुगात, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी. व्हायकिंगांचा तेव्हा प्रश्नच नव्हता.

म्हणजे नुसतं झाड पाहून सी1ई अमेरिकेची की आशिया-युरोपची हे सांगता येत नाही. झाड नातं सांगतं, पत्ता सांगत नाही. संशोधकांनी तेव्हा अमेरिकेचं पारडं जड मानलं ते आजूबाजूच्या माहितीवरून. अमेरिकेत सी1 भरपूर आहे, व्हायकिंग तिथे गेले होते, आणि 1492 नंतर साथी आणि कत्तलींत तिथले असंख्य मातृवंश संपले, तेव्हा सी1ई तिथून पुसली गेली असणं शक्य आहे. तर्क रास्त होता. पण आशियाई किंवा युरोपीय मूळ नाकारता येत नाही, हेही त्यांनी सारांशातच लिहिलं होतं. बातमीत नेमकं तेच गाळलं गेलं.

उत्परिवर्तनांचं घड्याळ वापरून हा वंश आइसलँडला केव्हा आला ते काढता येणार नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. पूर्ण मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत एका वंशरेषेवर साधारण 3,600 वर्षांत एक बदल टिकतो. हजार वर्षांत सरासरी 0.28 बदल, तीनशे वर्षांत 0.08. बदल पूर्णांकातच होतात, त्यामुळे दोन्ही बाबतींत बहुतेक रेषांवर शून्यच दिसणार. या घड्याळाला तासकाटा आहे, मिनिटकाटा नाही. वीस हजार वर्षांचा अंदाज ते देतं, पण इ.स. 1000 आणि 1600 यांतला फरक सांगणं त्याच्या आवाक्याबाहेर आहे. इथे वंशावळींचे कागद डीएनएपेक्षा जास्त बोलतात. 1703 साली आइसलँडने सगळ्या माणसांची नावानिशी शिरगणती केली होती, 50,358 माणसं. असा दस्तऐवज असलेले देश फार नाहीत.

मग एकच बाई आली असेल, तर तिचा वंश इतका टिकला कसा? याचं गणित वहीवर करता येतं. लोकसंख्या स्थिर आहे असं धरा, म्हणजे प्रत्येक स्त्रीला पुढे आई होणारी सरासरी एक मुलगी. कुणाला तीन, कुणाला एकही नाही, हे निव्वळ योगायोगाने. एकही मुलगी नसण्याची शक्यता 37 टक्के. म्हणजे पहिल्याच पिढीत 37 टक्के मातृवंश संपतात. दुसऱ्या पिढीअखेर 53 टक्के, पाचव्या पिढीअखेर 73, दहाव्या पिढीअखेर 84. पस्तीस पिढ्या, म्हणजे सुमारे हजार वर्षं गेल्यावर शंभरातले पाचच उरतात. (दर पिढीचा आकडा काढायची कृती अशी: आतापर्यंतचं टिकून राहण्याचं प्रमाण घ्या, त्याला उणे चिन्ह लावून ई, म्हणजे 2.718, चा घातांक करा. येईल तो पुढच्या पिढीअखेर संपलेल्यांचा हिस्सा.) आणि सरासरी तर कायम एकच आहे, तेव्हा जे वंश टिकले त्यांच्यात दर वंशामागे सरासरी एकोणीस-वीस वंशज असणारच. मधे लोकसंख्या वाढली की हा आकडा आणखी फुगतो. त्यामुळे एखादा परका वंश मोजक्या कुटुंबांत टिकलेला दिसला तर त्यात नवल नाही. तसेच आलेले आणि नष्ट झालेले कितीतरी वंश आपल्याला दिसतच नाहीत.

आइसलँडमध्ये तर हा खेळ जास्तच तीव्र झाला. 1707-09 च्या देवीच्या साथीत आणि 1783 च्या लाकी ज्वालामुखीनंतरच्या दुष्काळात लोकसंख्येचा मोठा हिस्सा गेला. 1698 ते 1742 या काळात जन्मलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 7 टक्के स्त्रिया 1972 नंतर जन्मलेल्या 62 टक्के आइसलँडकर मुलींच्या मातृवंशातल्या मूळ आज्या ठरतात, असं हेल्गासोन यांच्या गटाने वंशावळींवरून दाखवलं आहे. मध्ये कुठलीही निवड नाही, कुणाचा डीएनए सरस नाही. याला जनुकीय विचलन म्हणतात.

याच जोडीला हेही सांगायला हवं, की दहा पिढ्या मागे तुमच्या पूर्वजांच्या 1,024 जागा असतात आणि मातृवंश त्यातल्या फक्त एका जागेबद्दल बोलतो. 'तुमचं मूळ कुळ शोधा' म्हणून किट विकणाऱ्या कंपन्या नेमकं हे बारीक अक्षरांत लिहितात. गोत्राचा किंवा जातीच्या शुद्धतेचा 'वैज्ञानिक दाखला' म्हणून आपल्याकडे असे अहवाल मिरवणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं: गोत्र बापाकडून लावतात आणि हा डीएनए आईकडून येतो. दोघांचा काही संबंध नाही.

आता रशिया. वायव्य रशियातल्या कारेलियात ओनेगा सरोवरातल्या युझ्नी ओलेनी ओस्त्रोव बेटावर सुमारे 7,500 वर्षांपूर्वीच्या शिकारी लोकांची दफनभूमी आहे. तिथल्या तिघांत सी1 सापडला. पहिल्या फेरीत डीएनएचा फक्त एक छोटा, झपाट्याने बदलणारा भाग वाचला होता. त्या भागात तोच बदल वेगवेगळ्या वंशांत पुन्हा पुन्हा होतो, म्हणून उपशाखा ठरवता येईना. त्यात 16189 ला टी चा सी झालेला असला, तर सी अक्षरांची लांब अखंड रांग तयार होते आणि जुन्या पद्धतीचं यंत्र तिच्यापुढे घसरून भलतंच वाचतं. मग एकाचा पूर्ण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गळाला लावून वेगळा काढला. जुन्या हाडांतला डीएनए तुटून बारीक तुकडे झालेला असतो आणि तुकड्यांच्या टोकांना सी चा टी झालेला दिसतो. हे नुकसान म्हणजे हाताळणाऱ्याचा ताजा डीएनए मिसळलेला नाही याची खूणही असते आणि खोट्या उत्परिवर्तनांचा धोकाही. म्हणून एकाच जागेवरचे अनेक तुकडे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. 2014 मध्ये निकाल आला: ही आणखी एक बहीण, सी1एफ, आणि ती आज जिवंत असलेल्या कुणातही सापडलेली नाही.

सी1एफ म्हणजे सी1ई नव्हे. पण कोलंबसच काय, व्हायकिंगांच्याही साडेसहा हजार वर्षं आधी सी1 युरोपच्या ईशान्य टोकाला पोचलेला होता, हे त्यातून ठरलं. मग तिची एखादी बहीण स्कँडिनेव्हियामार्गे आइसलँडला गेली असेल, तर त्यासाठी अटलांटिक ओलांडायची गरज नाही. अमेरिकेचं पारडं जड मानण्याचं मुख्य कारण यामुळे हलकं झालं.

व्हायकिंग अमेरिकेत गेले होते याबद्दल शंका नाही. न्यूफाउंडलंडमधल्या लांस ओ मेडोजची वस्ती हेल्गे आणि आनी स्टिना इंगस्टाड यांनी 1960 मध्ये शोधली. इ.स. 993 च्या वैश्विक किरणांच्या झोताची खूण झाडाच्या कड्यांत उमटलेली आहे. तिथून कडी मोजत सालीपर्यंत गेल्यावर तिथलं लाकूड 1021 साली तोडलं होतं, हे 2021 मध्ये सिद्ध झालं. पण तिथे जाणं आणि तिथून स्त्री आणणं या वेगळ्या गोष्टी. तिकडून माणसं आणल्याचा उल्लेख 'एरिक द रेडची सागा' या आइसलँडच्या जुन्या गद्यकथेत आहे, तो मार्कलँडमध्ये (बहुधा आजच्या कॅनडातलं लॅब्राडोर) पकडलेल्या दोन मुलग्यांचा. मुलगे हा डीएनए पुढे देत नाहीत.

निकाल लागेल तो जुन्या हाडांतून. आतल्या कानाभोवतीच्या टणक हाडात डीएनए सर्वांत चांगला टिकतो आणि तेवढ्यासाठी त्याची थोडी पूडही पुरते. स्कँडिनेव्हियात किंवा रशियात इ.स. 1000 च्या आधीच्या कुणात सी1ई निघाली, तर अमेरिकेचा मुद्दा जवळपास मिटेल. कोलंबसपूर्व अमेरिकेतल्या सांगाड्यात निघाली, तर 2010 ची बातमी उशिरा का होईना खरी ठरण्याच्या वाटेवर येईल. नुसता हॅप्लोग्रुप सी सापडून मात्र काही होणार नाही. न्यूफाउंडलंडच्या बिओथुक लोकांपैकी 1820 साली वारलेल्या डेमास्डुइट या स्त्रीच्या दातातून 2007 मध्ये सी निघाला होता. तो अमेरिकेत अपेक्षितच होता, आणि खरा प्रश्न उपशाखेचा आहे.