एका बाजूचा जोर

दोन्ही बैल सारख्या जोराने ओढतात तोवर बैलगाडी सरळ चालते. एक बैल मध्येच थबकला आणि दुसरा ओढत राहिला, की गाडी थबकलेल्या बैलाच्या बाजूला वळते. गाडीवान कासरा खेचतो, दुसऱ्यालाही थांबवतो, विषय संपतो. विमानात दोन्ही बैल थांबवून चालत नाही. जमीन जवळ असेल तर मुळीच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या हवाई दलाने हा धडा फार मोठी किंमत देऊन गिरवला. ग्लॉस्टर मीटिअर हे दोस्तराष्ट्रांचं लढाईत उतरलेलं पहिलं जेट विमान. जुलै १९४४ मध्ये ते सेवेत आलं. पुढच्या वर्षांत या हवाई दलाने ८९० मीटिअर गमावली, त्यांतली १४५ एकट्या १९५३ मध्ये. सुमारे ४५० वैमानिक गेले. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा तपासून पाहिले, कारण हे मृत्यू शत्रूच्या गोळ्यांनी झालेले नव्हते. बहुतेक जण शांततेच्या काळात, आपल्याच देशात, नेहमीची उड्डाणं करताना गेले.

कारणं बरीच होती. इंधन तासाभरातच संपायचं, ब्रेक कमकुवत होते, चाकं दगा द्यायची. पण सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं आहे ते इंजिनांच्या जागेत. मीटिअरची दोन इंजिनं पंखांत, धडापासून बरीच लांब बसवलेली होती. एक बंद पडलं की चालू इंजिन विमानाला बंद इंजिनाच्या बाजूला फिरवणार. इंजिन जितकं लांब, तितका हा पीळ मोठा. त्याला आवरायला एकच साधन, शेपटीवरचं उभं सुकाणू म्हणजे रडर.

इथेच खरी मेख आहे. रडरचं बळ येतं त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेतून, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. १५० नॉट वेगाला ते १०० मानलं, तर १२० नॉटला ६४ उरतं आणि १०० नॉटला जेमतेम ४४. चालू इंजिनाचा रेटा मात्र वेग घटला म्हणून फारसा घटत नाही. म्हणजे विमान हळू होत जाईल तसा एक वेग असा येतो, की रडर पूर्ण दाबलं तरी पूर्ण शक्तीवरचं एक इंजिन आवरत नाही. मीटिअरच्या रडरला हायड्रॉलिकची, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेची, मदतही नव्हती. सगळा भार वैमानिकाच्या एका पायावर यायचा. गुडघा ताठ करून, पाठ खुर्चीला टेकवून पेडल दाबून धरायचं, आणि ते थेट जमिनीवर उतरेपर्यंत.

हे अंगवळणी पडावं म्हणून सरावात एक इंजिन खरोखर बंद केलं जायचं आणि शिकाऊ वैमानिकाने दुसऱ्यावर विमान उतरवायचं. उतरताना चालू इंजिन कमी शक्तीवर असतं, म्हणून पीळही कमी आणि सगळं सोपं भासतं. मग लक्षात येतं की विमान खाली आलंय, धावपट्टी अजून लांब आहे. हात आपोआप थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा, पुढे ढकलतो. सुरुवातीच्या जेट इंजिनांना शक्ती गोळा करायला कित्येक सेकंद लागत. काही क्षण काहीच होत नाही आणि मग सगळा रेटा एकदम येतो. नाक बंद इंजिनाकडे फिरतं, बाहेरचा पंख जास्त वेगाने हवा कापतो, त्याला जास्त उचल मिळते आणि विमान कुशीवर लोळतं. सुटायचं तर थ्रॉटल मागे घेऊन नाक खाली करायचं आणि वेग मिळवायचा. त्यासाठी लागणारी उंची मात्र शिल्लक नसते. खऱ्या इंजिनबिघाडापेक्षा या सरावातच जास्त माणसं गेली.

प्रशिक्षणासाठी खास दोन आसनांचं मीटिअर टी.७ मार्च १९४८ मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढे शिकाऊ, मागे शिक्षक. दुसऱ्या आसनासाठी धड पुढच्या बाजूला ३० इंचांनी लांबवलं, शेपटी मात्र जुनीच ठेवली. विमानाचं नाक सरळ ठेवतो तो शेपटीचा उभा पंख. पुढे लांबी वाढली की त्याचं काम अवघड होतं. त्यात उतरण्याच्या तयारीत एअरब्रेक, म्हणजे वेग कमी करायला हवेत उघडणाऱ्या झडपा, उघडे असतानाच कुणी चाकं खाली सोडली तर एअरब्रेकमागची विस्कटलेली हवा शेपटीवर येते. दोन चाकांपैकी एक आधी बाहेर पडलं की नाक बाजूला सरकतं, शेपटीला ते सावरता येत नाही आणि विमान सरळ खाली सूर मारतं. वैमानिकांनी याला ‘फँटम डाइव्ह’ म्हटलं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला विमान काही कारण नसताना कोसळल्यासारखं दिसे. उपाय एका वाक्याचा होता: आधी एअरब्रेक मिटा, मग चाकं सोडा. मे १९८८ मध्ये कव्हेंट्रीच्या हवाई प्रदर्शनात एक टी.७ कोसळून वैमानिक ठार झाला, तेव्हाही संशयाची सुई याच प्रकाराकडे वळली. विमान चाळिशीचं झालं होतं, खोड तीच होती.

आज जमिनीजवळच्या सरावात इंजिन खरोखर बंद करत नाहीत. थ्रॉटल मागे ओढून ठेवतात, म्हणजे गरज पडली तर ते पुन्हा हाताशी असतं. सर्वांत धोक्याचे प्रसंग तर सिम्युलेटरमध्येच गिरवले जातात.

टी.७ मध्ये इजेक्शन सीट, म्हणजे वैमानिकाला खुर्चीसकट विमानाबाहेर उडवणारी सीट, नव्हती. शिकाऊ आणि शिक्षक दोघांनीही छत उघडून स्वतःच बाहेर पडायचं, आणि धावपट्टीच्या तोंडाशी ते अशक्यच. ही सीट तेव्हा ठाऊक नव्हती असं नाही. जुलै १९४६ मध्ये बर्नार्ड लिंच यांनी ती उडत्या मीटिअरमधूनच आजमावली होती. ३ सप्टेंबर १९५५ रोजी इंग्लंडमधल्या चालग्रोव्हच्या धावपट्टीवर एक मीटिअर ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने धावत होतं, चाकं अजून जमिनीवरच होती. स्क्वाड्रन लीडर जॉन फिफील्ड यांनी त्यातून स्वतःला वर उडवून घेतलं आणि ते सुखरूप खाली आले. चाचणीसाठी सीट बसवलेलं ते विमान मुळात टी.७ होतं.