बिबट्यासाठी कमरेला पिस्तूल? आधी हे वाचा

ऊसतोड सुरू झाली की कऱ्हाड, पाटण, शिराळा, वाळवा भागातली मंडळी दुकानात येतात आणि विचारतात, "रानात बिबट्या फिरतोय, कमरेला लावायला एखादं बारकं पिस्तूल मिळंल का?" बहुतेकांनी परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. हत्यारं विकणं हा आमचा धंदा. तरी या कामासाठी पिस्तूल घेऊ नका, असंच आम्ही सांगतो.

अलास्कात शिकारीला जाणारा माणूस अस्वलाच्या भीतीनं पॉइंट 44 मॅग्नमचं दणकट रिव्हॉल्व्हर लावतो. त्याची गोळी साधारण 15 ग्रॅमची. आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर जे रिव्हॉल्व्हर लोक घेतात ते पॉइंट 32 चं, गोळी जेमतेम 6 ग्रॅम. दुकानात आलात तर हे काडतूस बारा बोअरच्या लांब बंदुकीच्या काडतुसाशेजारी उभं करून दाखवू. एक करंगळीएवढं, दुसरं अंगठ्याएवढं जाड.

त्यात बिबट्या सांगून येत नाही. सहसा तो माणसाला टाळतो. पण आलाच तर मागून, आणि वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर. रात्रीच्या लाईटला पाणी पाजताना एका हातात खोरं, दुसऱ्यात बॅटरी. पिस्तूल काढणार कुठल्या हातानं? घाबरून झाडलेली गोळी पलीकडच्या फडात कुणाला लागेल सांगता येत नाही. आणि जखमी बिबट्या उसात शिरला तर सगळ्या शिवाराची झोप उडाली म्हणून समजा.

कायद्याचंही ऐका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 11 नुसार, जीव वाचवताना प्रामाणिक हेतूनं जनावर मारलं गेलं तर तो गुन्हा होत नाही. पण त्या वेळी तुम्ही स्वतःच हा कायदा मोडत असाल, म्हणजे डुकराच्या चोरट्या शिकारीला गेला असाल, तर ही सवलत नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना, सागरेश्वर अभयारण्यं इथं तर परवान्याचं हत्यारही खास परवानगीशिवाय आत नेता येत नाही.

मग करायचं काय? एकट्यानं जाऊ नका. घुंगरांची काठी आपटत चला, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा. बिबट्या दिसलाच तर पळू नका, खाली बसू नका. हात वर करून ओरडत हळूहळू मागं या. पोरांना मधे घ्या. फडात पिल्लं सापडली तर हात लावू नका, तोड थांबवा आणि वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करा. आई आसपासच असते.

लांब झोताची बॅटरी आमच्याकडे आहे. बाजारात दुसरीकडे स्वस्त मिळाली तर तिथून घ्या, फक्त पाण्यात भिजली तरी चालणारी बघा.