१८० लिटरचा हिशेब

मूत्रपिंड म्हणजे रक्ताची चाळणी, असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. उपमा सोपी आहे, पण अर्धवट. चाळणीतून पीठ खाली पडलं, कोंडा वर राहिला की काम संपतं. मूत्रपिंडाचं खरं काम गाळून झाल्यावर सुरू होतं.

राजम्याच्या आकाराचे, मुठीएवढे हे दोन अवयव पाठीच्या बाजूला, मणक्याच्या दोन्ही अंगांना असतात. वर यकृत असल्याने उजवं जरा खाली सरकलेलं. दोघांचं मिळून वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, पण हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्या वाट्याला येतो. प्रत्येकात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या. नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं रक्तातच राहतात. पाणी, मीठ, साखर, युरिया (प्रथिनांपासून शरीरात तयार होणारा टाकाऊ पदार्थ) मात्र नळीत उतरतात. दिवसाला १८० लिटर, म्हणजे पाण्याचे २० लिटरचे ९ जार! लघवी होते जेमतेम दीड लिटर.

बाकीचं परत रक्तात घेतलं जातं. दिवाळीच्या आवराआवरीत अख्खं कपाट पलंगावर रिकामं करायचं आणि हवं तेवढंच पुन्हा आत रचायचं, तसं. एवढा पसारा कशाला? कारण टाकायचं काय, हे दरवेळी ओळखत बसावं लागत नाही. ठेवायचं ते उचललं की उरलेलं आपोआप बाहेर जातं. काही औषधं आणि आम्लं तर नळीच्या पेशी मुद्दाम बाहेर ढकलतात, तो भाग वेगळा.

निरोगी माणसात साखर जवळजवळ सगळी परत येते. रक्तातली साखर डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेली (आकडा तोच, पण निव्वळ योगायोग) की उचलणाऱ्या पेशी पुऱ्या पडत नाहीत आणि ती लघवीत उतरते. ‘मेह’ म्हणजे लघवी. मधुमेह हे नाव तिथूनच आलं.

पाण्याचा निर्णय शेवटी होतो. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूतून एडीएच नावाचं संप्रेरक सुटतं, नळ्या जास्त पाणी ओढून घेतात आणि लघवी गडद पिवळी होते.

पुढचा प्रवास साधा. २५ ते ३० सेंटिमीटरच्या मूत्रवाहिन्या आकुंचन पावत लघवी पुढे ढकलतात, म्हणून आडवं झोपलो तरी ती मूत्राशयात पोचते. याच नळीत मुतखडा अडकला की माणूस गडबडा लोळतो. मूत्राशयात दीडदोनशे मिलिलिटर साठले की जाणीव होते, चारशेच्या पुढे धीर सुटू लागतो.

बायकांचा मूत्रमार्ग अवघा ४ सेंटिमीटर, पुरुषांचा सुमारे २०. जंतूंना बायकांमध्ये वाट जवळची. त्यात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून लांबच्या प्रवासात अनेकजणी पाणीच पीत नाहीत. पण युरिया विरघळवून बाहेर न्यायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. प्यायलेलं पाणी नसेल, तर ते शरीरातून काढलं जातं.