मावशी, ही हॉकी नव्हे!

कॅनडातल्या भाचीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर पडला की खाली पाच-सहा अंगठे आणि "काय मस्त हॉकी खेळते गं!" तिचं उत्तर ठरलेलं: "मावशी, हॉकी नाही, रिंगेट." आमचाही दोष नाही. आइस हॉकीचाच बर्फ, तसेच स्केट्स, तसंच हेल्मेट, गोलकीपर धरून सहा-सहा जणी. फरक कळायला काठीच्या टोकाकडे बघावं लागतं.

हॉकीच्या काठीला वाकडं पातं असतं आणि ते रबराच्या चकतीला, म्हणजे पकला, ढकलतं. रिंगेटची काठी सरळ, पात्याशिवाय. तिचं टोक निळ्या रबरी रिंगच्या भोकात घालायचं आणि रिंग ओढत न्यायची. शाळेत रिंग टेनिसला वापरायचो ना, साधारण तशीच रिंग. 1963 मध्ये ओंटारियोतल्या नॉर्थ बे गावी सॅम जॅक्स यांनी मुलींसाठी हा खेळ काढला. ते तिथल्या उद्यान व क्रीडा विभागाचे प्रमुख होते.

आता गंमत बघा. टोक भोकात अडकलं की रिंग हिसकावून घेणं अवघड. म्हणजे एखादी तरबेज मुलगी एकटीच इकडून तिकडे जाऊन गोल करून येईल. त्यावर उपाय म्हणजे निळी रेषा. मैदानावर अशा दोन रेषा आहेत आणि रिंग घेऊन स्वतः त्या ओलांडायच्या नाहीत. पलीकडच्या मैत्रिणीला पास द्यायचाच. हॉकीत एकटीने पक घेऊन सुसाट सुटणारी खेळाडू टाळ्या घेते, रिंगेटमध्ये तिला रेषेपाशी थांबून मान वर करून कोण मोकळी आहे ते बघावं लागतं. वर 30 सेकंदांचं घड्याळ. तेवढ्यात गोलवर फटका मारायचा. गोलजवळच्या पट्ट्यात हल्ला करणाऱ्या तिघीच. गोलकीपर बाहेर काढली तर चौथी. अंगावर जाऊन धडक द्यायला बंदी. मला विचाराल तर बघायला रिंगेटच जास्त वेगवान वाटतं.

हंगामाचा घोळ त्याहून मोठा. कॅनडा आणि अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक हॉकी लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिथे पगार मिळतो. साखळीतले पहिले चार संघ प्लेऑफला जातात आणि अव्वल संघ आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडतो! पहिल्याच वर्षी टोरंटोने चौथ्या क्रमांकाचा मिनेसोटा निवडला, पाच सामन्यांच्या मालिकेत 2-0 अशी आघाडीही घेतली आणि मालिका 2-3 ने घालवली. पुढे वॉल्टर चषक मिनेसोटानेच नेला. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा.

नॅशनल रिंगेट लीग 2004 पासून आहे, म्हणजे जवळपास वीस वर्षांनी थोरली, पण तिथे पगार नाही. मुली नोकरी किंवा कॉलेज सांभाळून शनिवार-रविवारी खेळतात. हिवाळाभर साखळी चालते, पण त्या तक्त्यावर पहिलं येऊन विजेतेपद मिळत नाही. आयपीएलमध्येही अव्वल संघ चषक जिंकेलच असं नसतं, तसंच. फक्त इथे शेवट वेगळा. एप्रिलच्या सुमारास संघ एका शहरात जमतात, राष्ट्रीय स्पर्धेच्या त्या एका आठवड्यात रोज उठून खेळतात आणि त्यातून विजेता ठरतो. त्याच आठवड्यात, त्याच गावात लहान वयोगटांच्या मुलींची स्पर्धाही चालू असते.

चषकांची नावंही बघा. वॉल्टर हे लीगला पैसा पुरवणाऱ्या कुटुंबाचं नाव. रिंगेटचा चषक जान सोव्हे यांच्या नावाचा. कॅनडाच्या पहिल्या महिला गव्हर्नर जनरल त्या.

सगळा हंगाम एका आठवड्यावर टांगलेला असला की काय होतं ते 2020 मध्ये दिसलं. मुली हिवाळाभर खेळल्या, तक्ता तयार होता, आणि कोरोनामुळे तो आठवडाच रद्द झाला. त्या वर्षी चषक कुणालाच मिळाला नाही.