जुन्या गाण्यांची नावनिशी कोणी जपली?

जुने गाणे कोणी मोबाइलवर पाठवले की त्याखाली कौतुकाच्या चार ओळी येतात आणि लगोलग चौकशी सुरू होते. गायिका कोण, संगीत कोणाचे, चित्रपट कोणता, साल कोणते, पडद्यावर दिसते ती नटी कोण? वरवर पाहता हा फावल्या वेळेचा छंद वाटतो. प्रत्यक्षात या चौकशीला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि माझ्या मते भारतातील चित्रपटसंगीताची नावनिशी कंपन्यांपेक्षा, स्टुडिओंपेक्षा आणि सरकारी दप्तरांपेक्षाही अधिक निष्ठेने याच चौकशीखोर श्रोत्यांनी जपली आहे. आज इंटरनेटवर दिसणारी आठवणींची देवाणघेवाण समजून घ्यायची तर हा मागचा प्रवास पाहावा लागतो.

या प्रवासाची सुरुवातच नाव सांगण्यापासून झाली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गौहर जान यांच्या त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगताना ऐकू येतात. मूळ मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हरला जात असे, तबकड्या तिथे छापल्या जात, आणि अनोळखी भाषेतले हे गाणे नेमके कोणाचे, हे तेथील कारागिरांना लेबल लावताना कळावे म्हणून ही सोय होती. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि त्यानंतर डमडमचा कारखाना उभा राहिला.

ही मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी हातात घेतली की तिचे वजन जाणवते. ती लाखेची असते, म्हणजे पळसासारख्या झाडांवरील किड्यांपासून मिळणाऱ्या त्याच लाखेची, जी भारतातून जगभर जात होती. हातातून निसटली तर तिचे तुकडे होतात. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते आणि सुई दर एक-दोन बाजूंनंतर बदलावी लागते, नाहीतर ती खाचा खरवडते. मधल्या गोल कागदावर, म्हणजे लेबलवर, गाण्याची पहिली ओळ, नाटकाचे किंवा चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव आणि खाली क्रमांक असतो. बालगंधर्वांची नाट्यपदे ज्या पिढीने रंगभूमीवर ऐकली नाहीत, तिला ती या तीन मिनिटांच्या कात्रीत सापडूनच मिळाली. रंगभूमीवर वन्समोअरवर वन्समोअर घेत रंगलेले पद तबकडीवर थोडक्यात उरकलेले ऐकू येते, आणि तरीही त्याच तुटपुंज्या ऐवजावर नंतरच्या कित्येक गायकांनी आपला रियाज उभा केला.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. त्यात सात गाणी होती. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे आपल्या बोलपटसंगीताचे पहिले पानच फाटलेले आहे. अशा वेळी उपयोगी पडते ती गाण्यांची चोपडी. चित्रपटगृहाच्या दाराशी एक-दोन आण्यांना मिळणाऱ्या त्या पातळ चोपडीत कथासार, भूमिका आणि सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले असत. चित्रपट नष्ट झाले, तबकड्या फुटल्या, पण कोणाच्या तरी ट्रंकेत तळाशी राहिलेली चोपडी मात्र टिकली, असे अनेकदा घडले आहे.

चित्रपट नष्ट होण्यामागे निष्काळजीपणा होताच, शिवाय त्या काळची नायट्रेटची फीत चटकन पेट घेणारी आणि आपोआप कुजणारीही होती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे बोलपट सुरू होऊन तेहतीस वर्षे उलटल्यावर. पी. के. नायर यांनी तिथे गावोगाव फिरून, निर्मात्यांच्या वारसांची मनधरणी करून जे वाचवले, त्याचे ऋण फार मोठे आहे. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्याच साठवणगृहाला लागलेल्या आगीत नायट्रेटवरील बरेच जुने चित्रपट जळाले.

नावांचा प्रश्न १९३० आणि १९४० च्या दशकांत अधिक गुंतागुंतीचा झाला. सुरुवातीला नट-नट्या स्वतः गात. पार्श्वगायन रुळल्यावर गाणाऱ्याचे नाव मागे पडले. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९४९ च्या ‘महल’चे. ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. हे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे नाव. गाणे रेडिओवर लागले आणि ही गायिका कोण, असे विचारणारी पत्रे श्रोत्यांकडून येऊ लागली. शेवटी रेडिओने तबकडी काढणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली आणि लता मंगेशकर हे नाव जाहीर केले. श्रोत्यांच्या हट्टाने गायिकेला तिचे नाव मिळाले, ही घटना मला या सबंध इतिहासाच्या केंद्रस्थानी वाटते.

कधी कलावंत आपणहून वेगळे नाव घेत. रामचंद्र नरहर चितळकर संगीत देताना सी. रामचंद्र असत आणि गाताना चितळकर, शिवाय काही चित्रपटांसाठी अण्णासाहेब किंवा राम चितळकर. नव्या श्रोत्याला हे तीन-चार वेगवेगळे कलावंत वाटले तर नवल नाही. लता मंगेशकरांनी स्वतः १९६० च्या दशकात ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या मराठी चित्रपटांना संगीत दिले ते ‘आनंदघन’ या नावाने. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण, याचा जाहीर उलगडा झाला.

रेडिओच्या वाटचालीत नावावरून मोठा संघर्षही झाला. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. ते शास्त्रीय संगीताचे कळकळीचे पुरस्कर्ते होते आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला भक्कम आधार मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र चित्रपटगीतांना त्यांनी कात्री लावली. चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे त्याची फुकट जाहिरात, म्हणून ते सांगायचे नाही, असाही निर्णय झाला. निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. ज्या श्रोत्याला गाणे आणि त्याची नावनिशी दोन्ही हवे होते, तो साहजिकच रेडिओ सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील नभोवाणीकडे वळला.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती होते आणि त्यांचा आवाज हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचत असे. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी यांचे निवेदन मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि कोलंबोहून प्रक्षेपित होई. बुधवारी रात्री रस्ते ओस पडत, अशी आठवण त्या पिढीचे लोक आजही सांगतात. पण माझ्या दृष्टीने या विषयासाठी अधिक महत्त्वाचा आहे तो सिलोनचा सकाळचा, जुन्या चित्रपटांच्या संगीताचा अर्धा तास, जो सात वाजून सत्तावन्न मिनिटांनी लागणाऱ्या कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने संपत असे. सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी वारले आणि त्यानंतर कित्येक वर्षे लोक त्यांच्या आवाजावर घड्याळ लावत राहिले. ‘जुनी गाणी’ हा स्वतंत्र, आदराचा प्रकार म्हणून रुजला तो अशा कार्यक्रमांतून. भारतात ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, ‘भूले बिसरे गीत’ आले, मराठीत ‘आपली आवड’ आली. फर्माईश पाठवणाऱ्यांची नावे गाण्याच्या आधी वाचली जाऊ लागली आणि झुमरीतलैय्यासारखे लहानसे गाव केवळ पोस्टकार्डांच्या बळावर देशभर ठाऊक झाले. तेव्हाची ही पोस्टकार्डे आणि आजचे गाण्याखालचे अभिप्राय यांत मला फरक दिसतो तो फक्त टपालाच्या वेगाचा.

रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणारी माझ्या आजोबांची एक वही आमच्या घरी आहे. जाड पुठ्ठ्याची, हिशेबाची. पानावर आडव्या रेघांना उभे छेद देऊन त्यांनी रकाने पाडले आहेत: तारीख, गाण्याची पहिली ओळ, गाणारे, संगीत, चित्रपट. निवेदक भराभर बोले, त्यामुळे एखादा रकाना कोरा राही. पुढे पुन्हा कधी ते गाणे लागले, किंवा कचेरीतल्या कोणी सांगितले, की तो रकाना भरला जाई, आणि म्हणून एकाच ओळीत निळी, काळी आणि हिरवी अशा तीन शाया दिसतात. अशा वह्या घरोघरी होत्या.

मराठीला या काळात रेडिओने दिलेले मोठे देणे म्हणजे गीतरामायण. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ५६ गीते आठवड्याला एक अशी वर्षाहून थोडा अधिक काळ प्रसारित झाली, आणि लोकांनी ती ऐकताऐकता उतरवून घेतली.

नटनट्यांच्या आठवणींचा प्रवाह थोडा निराळा वाहिला. तो आधी छापील होता. १९३५ पासून बाबूराव पटेल यांचे ‘फिल्मइंडिया’ निघत होते, आणि मराठीत इसाक मुजावर, शिरीष कणेकर यांच्यासारख्यांनी जुन्या कलावंतांवर इतक्या आत्मीयतेने लिहिले की वाचकांनी कात्रणे जपून ठेवली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर तबस्सुम यांच्या मुलाखतींतून पडद्यावरची माणसे घरातल्यासारखी बोलू लागली. त्याच तबस्सुम यांनी उतारवयात यूट्यूबवर स्वतःची वाहिनी चालवून त्या आठवणी पुन्हा सांगितल्या. एकाच व्यक्तीने दोन्ही माध्यमे सांधल्याचे असे उदाहरण विरळाच. भगवान पालव, म्हणजे मास्टर भगवान, यांची कथा मात्र माध्यमांच्या बाहेरची आहे. १९५१ च्या ‘अलबेला’ने त्यांना वैभव दिले, पुढे ते सारे गेले आणि ते दादरच्या चाळीत राहिले. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या घराखाली थांबून त्यांचे गाणे वाजवत, असे सांगितले जाते. इतिहासातली ही मानवंदना कोणत्याही पुरस्काराहून मला मोठी वाटते.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. जुनी गाणी प्रथमच सामान्य माणसाला परवडू लागली, पण नावनिशीचा गोंधळही वाढला. कॉपीराइट कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेट बाजारात आल्या, आणि वेष्टनावर मूळ चित्रपटाचे नाव ठळक असले तरी आवाज मूळ नसे. आज इंटरनेटवर मूळ म्हणून फिरणाऱ्या काही गाण्यांत हाच नंतरचा आवाज आहे. जाणता श्रोता पहिल्या आलापातच ते ओळखतो.

याच सुमारास संग्राहकांचे काम संघटित झाले. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी चोपड्या, तबकड्या आणि पत्रव्यवहार यांच्या आधारे हिंदी चित्रपटगीतांचा दशकवार कोश सिद्ध केला. त्याचे खंड १९८० पासून प्रसिद्ध होऊ लागले. मुंबईत भारतीय तबकडी संग्राहकांची संस्था उभी राहिली आणि चोरबाजारात रद्दीच्या भावाने विकल्या जाणाऱ्या तबकड्यांना अभ्यासकाचे मोल मिळू लागले. नव्वदच्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनी गाण्यांचे शब्द संगणकावर उतरवायला सुरुवात केली. पडद्यावर देवनागरी सहज उमटत नव्हती, म्हणून अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या ‘आयट्रान्स’ या रोमन लिप्यंतर पद्धतीचा त्यांना मोठा आधार झाला. मराठीत ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्या नावांसह शब्द जपण्याचे काम सातत्याने केले आहे. २००५ मध्ये यूट्यूब आले आणि तबकड्या घरात बाळगणाऱ्यांनी त्या जगापुढे वाजवल्या. कंपन्यांना या ओढीचे व्यापारी मोल पुढे उमगले. २०१७ मध्ये आलेल्या ‘कारवाँ’ या पाच हजार गाण्यांच्या पेटीला रेडिओचेच रूप दिलेले होते, हे लक्षणीय आहे.

या सगळ्या देवाणघेवाणीवर कायद्याची सावली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पन्नास वर्षांची असलेली हक्कांची मुदत १९९२ मध्ये, रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क संपत आले असताना, साठ वर्षांची करण्यात आली. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत ही साठ वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात, म्हणून १९६४ मध्ये प्रकाशित झालेली मुद्रणे १ जानेवारी २०२५ रोजी या बंधनातून मोकळी झाली. गीताचे शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र वेगळे आहेत, आणि हा भेद लक्षात न घेतल्यामुळे वाद होतात.

अलीकडे जाणत्या मंडळींत एक चांगली रीत पडली आहे. कोणी गाणे पाठवले आणि नावाबद्दल शंका आली, तर ते तबकडीच्या लेबलचे छायाचित्र मागतात, कारण आठवण फसवू शकते आणि लेबलही, ‘कामिनी’प्रमाणे, फसवू शकते, परंतु त्यावरचा क्रमांक इतर नोंदींशी ताडून पाहता येतो. आजोबांच्या वहीतले दोन कोरे रकाने मी अशाच छायाचित्रांवरून पेन्सिलीने भरले. तिसरा तसाच आहे. जानेवारी १९५८ मधल्या त्या ओळीत गाण्याचे पहिले चार शब्द आहेत आणि पुढे त्यांच्या बारीक अक्षरात नोंद आहे, “नाव सांगताना आवाज गेला.”