आंबेनळी घाटातली होकायंत्रं

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना आंबेनळी घाटातला कातळ नीट पाहा. काळ्या थरावर काळा थर, मधेच एखादा विटकरी पट्टा. आधीचा लाव्हा निवला, त्याच्या माथ्याची झिजून माती झाली, मग तिच्यावर पुढचा लाव्हा आला, एवढं तो पट्टा सांगतो. पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे घडलं तेव्हा ही जागा होती कुठे?

लाव्हा हजार अंशांहून तापलेला बाहेर येतो. निवत निवत ५८० अंशांच्या खाली आला, की त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या बारीक कणांत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा कायमची अडकते. या दिशेत उत्तर-दक्षिणेखेरीज आणखी एक गोष्ट असते. चुंबकसुई विषुववृत्तापाशी आडवी राहते, ध्रुवांकडे जावं तशी तिरकी होत जाते. तो कल मोजला की अक्षांश निघतो.

मोजणं मात्र कटकटीचं. नमुना ड्रिलने कापायचा, पण कातळापासून सुटा करण्याआधी त्यावर दिशेची खूण करायची. बेसॉल्टच, म्हणजे निवलेल्या लाव्हाचा हा काळा दगडच, होकायंत्राला आपल्याकडे ओढतो, म्हणून दिशा सूर्याच्या सावलीवरून धरतात. वीज पडलेला कातळ तर टाळायचाच. तिथली जुनी नोंद पुसलेली असते. पुढे प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून नंतर चढलेलं चुंबकत्व उतरवायचं.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने दख्खनचे दगड असेच तपासले आणि १९५६ साली निष्कर्ष मांडले. खंड सरकतात म्हटलं की भले भले भूशास्त्रज्ञ हसायचे, असा तो काळ. दगडांनी मात्र दक्षिण गोलार्धाचा पत्ता दिला: साधारण ३० अंश दक्षिण. आज महाबळेश्वर १८ अंश उत्तरेला आहे. म्हणजे पाच हजारांहून जास्त किलोमीटरचा प्रवास, वर्षाला सरासरी आठ सेंटीमीटर! शिवाय वाटेत भारत डावीकडे वळलाही.

या दगडांना रेखांश मात्र सांगता येत नाही. त्यासाठी लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी समुद्रातली ज्वालामुखींची माळ धरून खाली जावं लागतं. ती रियुनियन बेटाशी पोचते, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. दख्खनचा लाव्हा याच उगमाचा, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. गंमत म्हणजे रियुनियन २१ अंश दक्षिणेला आहे, ३० वर नाही. तेव्हा भारताखालची ती भट्टीही जागची हलली असावी, की पृथ्वीचं अख्खं कवचच अक्षाच्या तुलनेत कललं, यावर वाद चालू आहे.